सरांचा पूर्वपक्ष

सरांना भाजी आणायला पाठवायचं नाही, असा त्यांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या काकूंचा, घरात दंडक होता. कारण विचारलं तर म्हणायच्या, "अगं, हे भाजीवालीच्याच बाजूनं भांडतात." मला ती थट्टा वाटायची. मग एकदा मी स्वतः पाहिलं. बनारसच्या बालाजी घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या भाजीवालीनं मटारचा भाव सांगितला. सरांना तो जास्त वाटला. पण तसं सरळ म्हणतील तर ते सर कसले! त्यांनी छत्री जमिनीला टेकली आणि तिचीच बाजू मांडायला घेतली. पहाटे अंधारात मंडी गाठावी लागते, ठेलेवाला अडवतो, निम्म्या शेंगा किडक्या निघतात, वर येणारीजाणारी गाय टोपलीत तोंड घालते. "अब बताओ, इस हालत में तुम करो भी तो क्या?" भाजीवालीच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. आता सर उलटी बाजू सुरू करणार, तेवढ्यात ती म्हणाली, "ठीके कहत हउवा, गुरुजी. एतना में त हमार घाटा हौ." आणि तिनं भाव वाढवला. सरांनी मुकाट्यानं मटार घेतले.

ही खोड वडिलोपार्जित होती. सरांचे वडील न्यायशास्त्राचे पंडित. पंचगंगा घाटाच्या वरच्या अंगाला त्यांची छोटी पाठशाळा होती आणि तिथं एक नियम देवाच्या वरचा मानला जाई. समोरच्याचं म्हणणं खोडायचं असेल तर आधी ते त्याच्याहून चांगलं मांडून दाखवायचं. हा पूर्वपक्ष. मग त्यालाच विचारायचं, "हेच ना तुझं म्हणणं? काही राहिलं तर नाही?" तो "हेच" म्हणाला की मगच आपलं उत्तर, म्हणजे उत्तरपक्ष. आणि उत्तर पुरं होईपर्यंत समोरच्यानं जागचं उठायचं नाही. उठला तर उठला, पण मग त्याला पंडित म्हणून कुणी पाट मांडत नसे.

या नियमावर दोन मुलगे वाढले. थोरले दादा, त्यांनी वडिलांची पाठशाळा पुढं चालवली. धाकटे आमचे सर, ते विश्वविद्यालयात जाऊन जीवशास्त्र शिकले आणि आमच्या कॉलेजात शिक्षक झाले. कॉलेज म्हणतात, पण आहे ती बारावीपर्यंतची शाळाच. मी त्यांची विद्यार्थिनी. पुढं तिथंच रसायनशास्त्र शिकवायला लागले म्हणून सहकारीही. आम्हीही मराठीच, माझं माहेर त्यांच्या दोन घरं पलीकडे, त्यामुळे सरांचं सगळं मला बाहेरून आणि आतून, दोन्हीकडून दिसायचं.

स्टाफरूममध्ये या खोडीनं उच्छाद मांडला होता. एकदा जादा तासांच्या विरोधात सगळ्यांनी मिळून प्रिन्सिपलसाहेबांकडे जायचं ठरलं आणि बोलायला कुणी शहाण्यानं सरांना पुढं केलं. सरांनी जादा तास का हवेत हे इतकं पटवून सांगितलं की प्रिन्सिपलसाहेब खुर्चीतून उठले, "बस, गुरुजी, यही तो मैं कह रहा था," म्हणाले आणि निघून गेले. सर मागून हाका मारत राहिले, "अरे, उत्तरपक्ष तो सुनिए!" त्या वर्षी आम्ही सगळ्यांनी जादा तास घेतले. मी तर चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

"चूक माझी नाही," ते मला म्हणाले होते. "चूक उठून जाणाऱ्याची."

"सर, सगळं जग उठूनच जातं. तुम्ही उत्तर आधी सांगा की."

"आधी सांगितलं की ते उत्तर राहत नाही गं. नुसतं मत होतं."

अशा माणसाला काय सांगणार, कपाळ!

आमच्या मोहल्ल्यात माकडांचं राज्य. गच्चीला जाळी आणि खिडकीला गज नसतील तर संसार त्यांच्या नावावर करून द्यावा लागतो. सरांचा चष्मा माकडांनी किती वेळा पळवला असेल. सर खिशात फुटाण्यांची पुडी ठेवायचे. पुडी वर भिरकावली की चष्मा खाली यायचा. तो पुसत म्हणायचे, "चुलत घराण्याशी व्यवहार असाच करावा लागतो." त्यांच्यासमोर कुणी 'माकडापासून माणूस झाला' असं म्हटलेलं मात्र चालत नसे. "माकड आपला आजोबा नव्हे, चुलत भाऊ. आजोबा दोघांचा एकच, आणि तो कधीच वारला."

हे वाक्य बनारसभर पसरलं आणि तेच दादांच्या वर्मी लागलं. दादा खालच्या मजल्यावर राहायचे, सर वर. वडील गेल्यावर एका श्राद्धाच्या दिवशी, पानं वाढलेली असताना, कुणा पाहुण्यानं सरांना ते वाक्य म्हणायला लावलं. दादा पानावरून उठले नाहीत, जेवण पुरं केलं, आचवून आले आणि म्हणाले, "बाबांच्या घरात बाबांचं कुळ माकडाशी जोडू नकोस." त्या दिवसापासून ते वर चढले नाहीत. भांडण नाही, आरडाओरड नाही. गणपतीला आरती एकत्र व्हायची, पाण्याच्या मोटरची पाळी काकू आणि दादांच्या घरातल्या वहिनी ठरवायच्या. पण दोघे भाऊ एकमेकांशी जिन्यावरून बाजूला होण्यापुरतंच बोलत. वर्षानुवर्षं. सर ते कधी बोलून दाखवत नसत. फक्त जिना उतरताना दादांच्या दाराशी त्यांची पावलं जराशी हळू व्हायची.

आता त्या धड्याबद्दल सांगते, ज्यानं सगळं रामायण घडलं. दर हिवाळ्यात सर दहावीला उत्क्रांती शिकवायचे, आणि तीही शास्त्रार्थाच्या रीतीनं. पहिल्या दिवशी ते वर्गात रिकाम्या हातानं, कपाळाला आठ्या घालून यायचे आणि उत्क्रांतीच्या चिंधड्या उडवायचे. "किसने देखा? तुम्हारे दादा ने? उनके दादा ने? हज़ारों साल से हम मूर्तियाँ गढ़ रहे हैं. बंदर वही का वही, आदमी वही का वही. आँख जैसी चीज़ अपने आप बन गई? घड़ी तो अपने आप बनती नहीं!" मुलं हादरून जायची. कुणी विचारलंच, "सर, तो किताब झूठी है?" तर सर पुस्तक मिटून सांगायचे, "आज इसी को सच मानकर सोओ." आणि निघून जायचे.

दुसऱ्या दिवशी ते कापडी पिशवी घेऊन यायचे. पिशवीत वटवाघळाच्या पंखाचा सांगाडा, बकऱ्याच्या पुढच्या पायाची हाडं आणि गंगेतल्या सूंस नावाच्या डॉल्फिनच्या वल्ह्यासारख्या पराचं, आतल्या हाडांसकट, चित्र असायचं. ते चित्र त्यांनी संग्रहालयात उभं राहून स्वतः काढलं होतं. बकऱ्याची हाडं मागायला हा वैदिक घराण्यातला माणूस दालमंडीत खाटकाकडे गेला होता, तेव्हा काकूंनी त्यांना दारातच आंघोळ घातली होती. मुलं आधी स्वतःचा हात चाचपायची, मग ती हाडं. पंखात बोटं, पायात बोटं, पाण्यातल्या परातसुद्धा बोटं. तो दिवस मी विसरू शकत नाही. मी दहावीत होते आणि सबंध तास स्वतःच्या पंजाकडे बघत बसले होते.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी पहिला दिवस झाला आणि दुसरा झालाच नाही. कुणी बडे नेते शहरात यायचे होते, रस्ते बंद, शाळांना सुट्टी. लागून रविवार आला. मधल्या वेळात वर्गातल्या कुणीतरी चोरून काढलेला व्हिडिओ गावभर झाला. सर आठ्या घालून गरजतायत, "किसने देखा?" आणि खाली लिहिलेलं, 'जीवविज्ञान के वरिष्ठ शिक्षक ने खोली विकासवाद की पोल'. सोमवारपर्यंत तो व्हिडिओ माझ्या नागपूरच्या मावशीकडेसुद्धा पोचला होता. तिनं विचारलं, "तुमचे सर सुधारले का गं?"

आमच्या भागातून निवडून आलेले एक मंत्री होते. मुलांना जनावरांची वंशावळ शिकवली की संस्कार बिघडतात, हा धडा राज्याच्या पुस्तकातून काढलाच पाहिजे, असं त्यांनी एका सभेत म्हटलं होतं आणि दिल्लीकडच्या शिकलेल्या लोकांनी त्यांचं हसं केलं होतं. त्यांच्यासाठी हा व्हिडिओ म्हणजे आंधळा मागतो एक डोळा नि देव देतो दोन! आठवड्याच्या आत प्रिन्सिपलसाहेबांना निरोप आला. मंत्रीजी स्वतः कॉलेजात येऊन सरांचा सत्कार करणार, त्यांना पुस्तकांच्या समितीवर घेणार आणि सरांच्याच शब्दावर तो धडा वगळल्याचं जाहीर करणार. प्रिन्सिपलसाहेबांनी सरांचा दहावीचा तास काढून घेतला. "कार्यक्रम हो जाए, गुरुजी, फिर जो पढ़ाना हो पढ़ाइए."

मी तणतणत सरांच्या घरी गेले. म्हटलं आता तरी पेटून उठतील. जिना चढून वर पाहते तो काय, बैठकीत दादा बसलेले!

मांडीवर उपरणं, समोर मलइयोचा कुल्हड. थंडीत पहाटे मिळणारा तो केशरी फेस दादांनी स्वतः चौखंब्यावरून आणला होता आणि चमच्यानं भावाला वाढत होते. सर लहान मुलासारखे खात होते.

"ये गं," दादा मला म्हणाले. "बघितलास व्हिडिओ? बाबांचाच आवाज. हुबेहूब. मी म्हटलं ना तुझ्या काकूला, रक्त शेवटी बोलतंच."

काकू स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी कुल्हडात पाहिलं.

दादा गेल्यावर मी आवाज चढवला. "सर, त्यांना सांगितलं नाहीत? तो पूर्वपक्ष होता म्हणून?"

"सांगणार आहे."

"कधी?"

"जरा दम धर. आठवडाभर मी पूर्वपक्षात राहतोय," सर म्हणाले. "बरं वाटतंय गं."

राग तर आलाच होता, पण त्यांचा चेहरा बघून मी रिकामा कुल्हड उचलून बाजूला ठेवला आणि उठले. काकू मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या आणि माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "तू फालतू त्यांना परेशान नको करू. एक धडा गेला तर काय बिघडतं? मुलं काय, परीक्षा झाली की सगळंच विसरतात. माझ्या घरात इतक्या वर्षांनी माणूस वर आलाय. मी रोज सकाळी चहाला दोन कप जास्तीचे ठेवते, माहितीये?"

मी हात सोडवून घेतला आणि जिना उतरले.

त्या दिवसांत सर रोज खाली जाऊन दादांपाशी बसायचे. पाठशाळेतली मुलं न्यायसूत्रं घोकत असायची, दोघे भाऊ त्यांच्या चुका काढायचे. कॉलेजात मात्र ते कुणाशी धड बोलत नसत. हाडांची पिशवी प्रयोगशाळेच्या कपाटात होती, ती मधूनच काढायचे, पुन्हा ठेवायचे. मी फोनचा कॅमेरा समोर धरून त्यांना सबंध उत्तरपक्ष बोलायला लावला आणि तो व्हिडिओ टाकला. बघणारे हाताच्या बोटांवर मोजण्यासारखे, त्यात निम्मे आमचेच विद्यार्थी. शांतपणे हाडं दाखवणारा म्हातारा कुणाला बघायचाय? गरजणारा हवा असतो.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी मी सरांच्या घरी होते तेव्हा मंत्रीजींचा फोन आला. सरांना कमी ऐकू यायचं, म्हणून ते फोन नेहमी स्पीकरवर लावायचे. त्यामुळे मी प्रत्येक शब्द ऐकला.

"गुरुजी, प्रणाम. कल की तैयारी है न?"

सरांनी घसा खाकरला. "मंत्रीजी, एक बात साफ कर दूँ. वह पूर्वपक्ष था. बस आधी बात है, आधी बाक़ी है."

"जानता हूँ."

मी पुढं सरकले.

"मैंने सब पता करवा लिया है," मंत्रीजी अगदी गोड आवाजात म्हणाले. "मैं खुद बीएससी हूँ, गुरुजी. यह धडा मैंने भी पढ़ा है, उसमें नंबर भी अच्छे थे."

'पाठ' म्हणायच्या ऐवजी ते मुद्दाम आमचा मराठी शब्द वापरून गेले. इतका तयारीचा माणूस!

"तो फिर?" सरांनी विचारलं.

"तो फिर यह कि वोट देने वाला बीएससी नहीं है. उसके लिए आधा ही काफ़ी है." मग म्हणाले, "आपके भाईसाहब से भी बात हुई. कल पहली पंक्ति में बैठेंगे, अपने सब शिष्यों के साथ. कह रहे थे, बरसों बाद घर एक हुआ है. ऐसे घर को कोई अपने हाथ से तोड़ता है क्या?"

फोन बंद झाला. काकूंनी दिवा लावला होता. सरांनी उठून त्याची वात उगाचच सारखी केली. खरं-खोटं माहीत नसलेला माणूस समोर असता तर भांडता आलं असतं. हा तर सगळं जाणून होता!

"सर, उद्या जाऊ नका. आजारी पडा," मी म्हटलं.

"पडलो तर माझ्या नावानं तेच जाहीर करतील. अर्धं."

"मग?"

त्यांनी कोपऱ्यातली छत्री उचलून पुसायला घेतली.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी उगाच आशेवर राहायला नको. धडा गेला. समितीवर दुसरं कुणीतरी बसलं, त्यानं सही केली, नव्या पुस्तकात ती पानं नाहीत. सरही गेले. तो व्हिडिओ मात्र फिरतोच आहे. अजून कुणीतरी मला अभिमानानं पाठवतं, "आपके बनारस के गुरुजी!" तेव्हा माझं डोकं फिरतं. म्हणून तर हे लिहायला बसले.

तर तो दिवस. कॉलेजच्या मैदानात मांडव, धुकं अजून पुरतं उठलेलं नव्हतं. पहिल्या रांगेत दादा, शेजारी पाठशाळेतली शेंडीवाली मुलं. फोटोत छान दिसावीत म्हणून त्यांना मुद्दाम पुढं बसवलं होतं. मागं आमचे विद्यार्थी, त्यांच्या मागं टेंपो भरून आणलेली माणसं. प्रिन्सिपलसाहेबांनी सरांना तीनदा बजावलं, "बस दो शब्द, गुरुजी. धन्यवाद के." मग ते माईकवाल्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटले, तेही मी पाहिलं. सरांच्या हातात छत्री होती, पिशवी नव्हती. मला बरं वाटलं आणि लगेच बरं वाटल्याचा संतापही आला.

मंत्रीजी बोलले. काशीच्या विद्येचा गौरव झाला, पश्चिमेच्या उसन्या विज्ञानाला चिमटे काढून झाले. मग म्हणाले, "जो बात मैं कहता था तो लोग हँसते थे, वही बात आज जीवविज्ञान के गुरु कह रहे हैं. अब हँसो!" टाळ्यांचा कडकडाट झाला. सरांच्या खांद्यावर शाल पडली. दादांनी दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या. त्यांना टाळ्या वाजवताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

सर माईकपाशी आले. "मंत्रीजी ने पूर्वपक्ष रखा," ते म्हणाले. "पर कच्चा रखा. इजाज़त हो तो मैं पक्का कर दूँ?"

मंत्रीजी हसले, मानेनं हो म्हणाले. आणि सरांनी सुरुवात केली. वर्गात बोलायचे त्याहून कितीतरी भारी. डोळा, घड्याळ, मूर्ती, आपल्या पूर्वजांनी लिहिलेले ग्रंथ. कुणी पाहिलं नाही तर मानायचं का? शब्द असे येत होते की मागचे टेंपोतले लोकसुद्धा उभे राहिले. दादांचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, हा माणूस इथंच थांबणार. थांबला तर कुणी काही म्हणणार नाही. घरी चहाचे दोन कप जास्तीचे असतील.

सर थांबले. त्यांनी दादांकडे पाहिलं, नको इतका वेळ पाहिलं. मग ते मंत्रीजींकडे वळले.

"यही है न आपका पक्ष? कुछ छूटा तो नहीं?"

"कुछ नहीं छूटा, गुरुजी!" मंत्रीजी स्वतःच्या माईकवर म्हणाले. "मुझसे अच्छा कह दिया आपने."

पहिल्या रांगेतल्या शेंडीवाल्या मुलांच्या पाठी एकदम ताठ झाल्या. त्यांना कळलं होतं. दादांनाही कळलं. त्यांचा वर गेलेला हात तसाच राहिला आणि मग सावकाश मांडीवर आला.

"तो यह हुआ पूर्वपक्ष," सर म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. "अब उत्तर. किसी ने देखा नहीं, यह ठीक. पर पहाड़ पर धुआँ दिखे तो हम कहते हैं, वहाँ आग है. आग किसने देखी? यह मेरी विलायती किताब नहीं कहती. यह हमारे पिताजी पढ़ाते थे. अनुमान प्रमाण है कि नहीं? अब सब लोग अपना हाथ सामने रखिए. चमगादड़ के पंख में भी यही..."

माईक गेला. नुसता खट्ट आवाज, मग काही नाही. सरांचे ओठ हलताना दिसत होते. प्रिन्सिपलसाहेब घाईघाईनं आभार मानायला उठले. मंत्रीजीही उठले.

"बैठिए."

तो आवाज माईकशिवायचा होता आणि सबंध मांडवात ऐकू गेला. दादा बसल्या जागेवरूनच बोलले होते. "बैठिए, मंत्रीजी. उत्तरपक्ष चल रहा है. आपने पक्ष स्वीकार किया है, अब उठ नहीं सकते."

क्षणभर मंत्रीजी खरंच थबकले. खुर्चीच्या पाठीवर त्यांचा हात होता. पहिल्या रांगेत काशीचा एवढा मोठा पंडित, आणि समोर कॅमेरे. मला वाटलं, बसतात. मग त्यांनी दोन्ही हात जोडले, कमरेत वाकून दादांना नमस्कार केला, "समय का अभाव है, आचार्यजी, क्षमा," असं म्हणाले आणि उतरून गेले. त्यांच्यामागं प्रिन्सिपलसाहेब, त्यांच्यामागं कॅमेरे, मग टेंपोतली माणसं. खुर्च्या पडल्या, धूळ उडाली. बघता बघता अर्धा मांडव मोकळा झाला.

पाठशाळेतला एक जण उत्साहानं ओरडला, "आचार्यजी, जो उठ गए वो हार गए न?"

"गप्प बस," सर त्याच्यावर खेकसले. मराठीत. मी त्यांना कधी मुलांवर खेकसताना पाहिलं नव्हतं. "हरवायचं होतं कुणाला? ऐकायला हवं होतं त्यानं." शाल खांद्यावरून घसरली होती. बंद माईकसमोर उभं राहून ते इकडंतिकडं बघत होते. सगळं गेलं होतं. व्हिडिओ जिंकला होता, धडा जाणार होता आणि समोर त्यांचा भाऊ दगडासारखा बसला होता. ज्या भावासाठी दोन आठवडे ते घरात गप्प राहिले, तोही आता उठणार. मला रडू फुटलं. "आता कुणाला सांगू?" सर म्हणाले.

"मला सांग," दादा म्हणाले.

सरांना ऐकू आलं नाही. त्यांनी कानाला हात लावला.

दादांनी खुर्ची उचलून थेट मंचाला लावली आणि पुन्हा बसले. "मला सांग. मी पूर्वपक्षाचा आहे. मी बसलोय."

सर मंचाच्या कडेवर बसले, पाय खाली सोडून. त्यांनी स्वतःचा पंजा पुढं धरला आणि दादांचा धरून त्याच्याशेजारी ठेवला. मनगटापासून सुरुवात केली. हाड न् हाड. मराठीत, जसं घरात बोलतात तसं. मग वटवाघूळ, मग बकरी, मग गंगेतली सूंस. आमचे विद्यार्थी सरकत सरकत जवळ आले. मांडववाले एका टोकानं कनाती सोडायला लागले होते.

बऱ्याच वेळानं दादांनी मान हलवली.

"हे काही मला पटत नाहीये."

सर बोलायचे थांबले. त्यांनी धरलेला हात सोडला.

दादांनी तो पंजा होता तिथंच ठेवला.

"थांबलास कशाला?" ते म्हणाले. "पुढं बोल."